सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना ‘अशी ही बनवाबनवी’ दाखवावा का?

प्रश्न : ठाण्यातील एक पालक

नमस्कार. आमच्या गृहसंकुलातील मुलांसाठी मे महिन्याच्या सुटीत एक मराठी चित्रपट सभागृहात मोठ्या पडद्यावर दाखवायचे ठरले आहे आणि तो निवडण्याचे काम माझ्याकडे आले आहे. मुले सहा ते चौदा वर्षांची आहेत, पालकांपैकी बरेच जण सोबत बसणार आहेत, आणि सगळ्यांना एकत्र बसून मनमुराद हसता यावे एवढीच अपेक्षा आहे. साहजिकच सचिन पिळगांवकर यांनी दिग्दर्शित केलेल्या, १९८८ सालच्या ‘अशी ही बनवाबनवी’चे नाव पहिल्यांदा पुढे आले. पुण्यात राहायला जागा मिळावी म्हणून चार मित्रांपैकी परशा आणि सुधीर हे दोघे साडी नेसून पार्वती आणि सुधा या बायका बनतात, अशी त्याची गोष्ट आहे. बहुतेकांनी लगेच होकार दिला. ज्या चित्रपटाचे संवाद लग्नकार्यात, कार्यालयात आणि रेल्वेच्या डब्यातही सहज ऐकू येतात, तो मुलांना दाखवण्यात विचार करण्यासारखे काय आहे, असाच सर्वांचा सूर होता.

त्यानंतर मात्र तीन पालकांनी मला वेगवेगळे गाठून आपल्या शंका सांगितल्या. एका वडिलांचे म्हणणे असे की, संपूर्ण कथानक खोटे बोलण्यावर उभे आहे आणि त्या खोटेपणाला टाळ्या मिळतात. दुसऱ्या एका आईला, पार्वती झालेल्या परशाचे डोहाळजेवण लहान मुलांना कसे समजावून सांगायचे, असा प्रश्न पडला आहे. तिसरी शंका मला सर्वांत गंभीर वाटते. आमच्या संकुलात अकरा वर्षांचा एक मुलगा आहे. त्याचा आवाज आणि चालणे यांवरून त्याला शाळेत आणि खाली खेळतानाही चिडवले जाते. पुरुषांनी साडी नेसून केलेला विनोद सगळी मुले एकत्र पाहणार, आणि दुसऱ्या दिवशी खेळाच्या मैदानावर ‘पार्वती’ हे नाव आपल्या मुलाला चिकटणार, अशी त्याच्या आईला भीती वाटते.

मला या तिन्ही शंका उडवून लावायच्या नाहीत, आणि केवळ शंका आल्या म्हणून चित्रपट रद्दही करायचा नाही. कौटुंबिक विनोदी चित्रपट मुलांसाठी योग्य आहे की नाही, हे नेमके कशावरून ठरवावे? प्रमाणपत्र पाहून भागते का? ज्यांनी मुलांना असे चित्रपट दाखवले आहेत, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

उत्तर : चित्रपट मंडळाचे जुने सभासद

प्रथम प्रमाणपत्राविषयी लिहितो, कारण त्याबद्दल गैरसमज फार आहेत. १९५२ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्याखाली केंद्रीय चित्रपट प्रमाणन मंडळ प्रत्येक चित्रपटाला वर्गवारी देते. १९८३ पासून ‘यू’ (सर्वांसाठी), ‘यूए’, ‘ए’ (फक्त प्रौढांसाठी) आणि विशिष्ट व्यावसायिकांसाठीचा ‘एस’ असे चार वर्ग होते, आणि ‘यूए’चा अर्थ बारा वर्षांखालील मुलांनी पालकांच्या मार्गदर्शनाखाली पाहावा असा होता. २०२३ च्या दुरुस्तीने या ‘यूए’चे ७+, १३+ आणि १६+ असे तीन भाग केले. तेव्हा १९८८ सालच्या चित्रपटाच्या मूळ प्रमाणपत्रावर आजचा वयोगट शोधू नये, तो तेथे असणारच नाही.

शिवाय ‘यूए’पुढचा आकडा पालकांसाठी सूचना म्हणून असतो. अठरा वर्षांखालील प्रेक्षकाला चित्रपटगृहाबाहेर थांबवण्याची सक्ती आहे ती ‘ए’ प्रमाणपत्राला, ‘यूए’ला नाही. म्हणजे मधल्या सगळ्या प्रांतात कायद्याने निर्णय तुमच्यावरच सोपवला आहे.

प्रमाणन मंडळासाठी केंद्र सरकारने १९९१ साली ठरवून दिलेली मार्गदर्शक तत्त्वे मात्र अवश्य वाचावीत. चित्रपटाचा विचार सुट्या प्रसंगांवरून न करता त्याच्या एकूण परिणामावरून करावा, असे त्यांत म्हटले आहे. ‘यू’ प्रमाणपत्र देताना घरातल्या लहानथोरांनी एकत्र बसून पाहावा असा तो आहे का, हेही पाहावयाचे असते. मद्यपानाचे समर्थन करणारी किंवा अपंगांची टिंगल करणारी दृश्ये टाळण्याचाही उल्लेख त्यांत आहे. एकूण परिणाम आणि एकत्र पाहता येणे, या दोन कसोट्या तुम्हाला आहेत तशा वापरता येतील.

जाता जाता एक गोष्ट सुचवतो. घरी पाहण्यासाठी भरलेल्या वर्गणीमुळे सभागृहात सार्वजनिकरीत्या दाखवण्याचा हक्क मिळत नाही, म्हणून हक्कधारकांची लेखी परवानगी आधीच मागून ठेवावी.

उत्तर : प्राथमिक शाळेतील शिक्षिका

आपण तिसरी शंका गंभीरपणे घेतली, याचे मला फार बरे वाटले. मुलांसाठी चित्रपट निवडताना आपण मोठी माणसे शिव्या, मारामारी आणि प्रणयदृश्ये शोधत बसतो, कारण ती चटकन दिसतात. विनोदी चित्रपटात खरा प्रश्न वेगळा असतो. हसू नेमके कोणावर येते आणि मूल त्यातले काय उचलून वर्गात घेऊन जाते, हे पाहावे लागते. ओठांवर ओठ टेकवण्याचे दृश्य सात वर्षांच्या मुलाच्या डोक्यावरून निघून जाते. जाड्या मुलीला दिलेले टोपणनाव मात्र ते मधल्या सुटीत वापरून पाहते.

या दृष्टीने मी ‘बनवाबनवी’ची दृश्ये पुन्हा मनात आणली. वसंत सबनीस यांच्या संवादांत मोठ्यांसाठी काही सूचक विनोद आहेत, परंतु तोतरा, काळासावळा, लठ्ठ, गावंढळ अशा कोणाला लक्ष्य करून चित्रपट आपले हसू कमावत नाही. सोंग उघडे पडेल या भीतीवर तो चालतो. दार वाजते, पदर सावरला जातो, आवाज बारीक होतो, एक जण आत पळतो आणि दुसरा काहीतरी भलतेच बोलून बसतो. लहान मुलांना लपाछपीत जी मजा येते, तीच ही मजा आहे, आणि म्हणूनच तो तिसरीतल्या मुलांनाही धरून ठेवतो.

आता खोटे बोलण्याबद्दल. सुधीर जोशी यांनी रंगवलेल्या घरमालक विश्वास सरपोतदारांकडून चार मित्रांपैकी धनंजय माने मधुमेहाच्या औषधासाठी म्हणून सत्तर रुपये घेतो आणि पुढे ते पैसे कसे बुडाले याची कहाणी सांगतो, तो प्रसंग सर्वांना तोंडपाठ आहे. आपण त्या हजरजबाबीपणाला हसतो. आठ वर्षांचे मूल मात्र थेट विचारते, ‘त्या काकांना खरंच औषध हवं होतं ना?’ हा प्रश्न आला तर चित्रपट मुलांसाठी अयोग्य ठरत नाही. उलट मुलाने जे पाहायला हवे तेच पाहिले आहे. कोणी तरी मोठ्याने ‘अरे, ती गंमत आहे’ म्हणून त्याला गप्प केले, तरच नुकसान होते. आजारी माणसाची फसवणूक झाली आहे, धनंजयने केले ते चूकच आहे आणि तरी त्याच्या बोलण्याचे हसू येते, या तिन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, हे दहा वर्षांच्या मुलाला सांगितल्यावर पटते. सहा वर्षांच्या मुलाला इतके सगळे पेलत नाही, त्याला नुसते ‘काकांना फसवलं, ते चूक केलं’ एवढे पुरते.

दुसऱ्या खोट्याचे कारण मात्र मुलांना आधी सांगावे. घरमालकीण लीलाबाई काळभोर जोडप्यांनाच जागा देतात, आणि एकट्या तरुणांना पुण्यात कोणी खोली देत नाही, म्हणून परशा आणि सुधीर साडी नेसतात. एवढी अडचण समजली की मुले सोंगामागचा नाइलाज समजून घेतात आणि गोष्टीत गुंततात. ती समजली नाही, तर चार दांडगट एका म्हाताऱ्या बाईला गंडवत आहेत एवढेच त्यांना दिसते. विद्यार्थ्यांना आणि नोकरदार मुलांना घर मिळणे आजही किती जिकिरीचे असते, हे चौदा वर्षांच्या मुलांना ठाऊक असते, त्यांची चर्चा आपोआप तिकडे वळेल.

डोहाळजेवणाबद्दलची चिंता मला अनाठायी वाटते. फुलांची वाडी भरणे, ओटी, ओवाळणे हे आपल्या घरांत मुलांच्या डोळ्यांसमोरच होते, आणि त्या प्रसंगाचे ‘कुणीतरी येणार येणार गं’ हे गाणे आज खऱ्याखुऱ्या डोहाळजेवणात हमखास वाजते. मुलांनी विचारलेच, तर ‘परशाला बाळ होणार नाही, त्याचं सोंग फार पुढे गेलं आहे’ असे सांगितले की त्यांचे समाधान होते.

राहिला त्या मुलाचा प्रश्न. त्यावर माझे मत असे आहे की, त्याच्या आईशी, आणि शक्य झाल्यास त्याच्याशीही, आधी बोलल्याशिवाय निर्णय घेऊ नये. चित्रपट त्याच्यासारख्या मुलाची थट्टा करत नाही, हे खरे. परंतु चिडवणाऱ्यांना थट्टेचा निर्मळ हेतू लागत नाही, त्यांना फक्त एक नवे नाव हवे असते. वर्गात एखादे टोपणनाव चिकटले की ते सुटायला वर्षानुवर्षे लागतात, हे मी रोज पाहते.

उत्तर : नाटकवेडे आजोबा

शिक्षिकाबाईंच्या बहुतेक मुद्द्यांशी मी सहमत आहे, परंतु शेवटच्या मुद्द्याला एक बाजू जोडावीशी वाटते. पुरुषाने स्त्रीचा वेष घेणे ही आपल्याकडे मुळात टवाळीची गोष्ट नव्हतीच. नारायण श्रीपाद राजहंस म्हणजे बालगंधर्व यांनी संगीत नाटकांत रंगवलेल्या भामिनी आणि सिंधू या नायिका पाहायला सुसंस्कृत घरांतील स्त्रिया येत आणि त्यांच्या साड्यांची, दागिन्यांची, केशरचनेची नक्कल हौसेने करीत. त्या काळच्या रंगभूमीवर उत्तम स्त्रीपात्र रंगवणाऱ्या नटाला मान होता. मुलांना चित्रपटाआधी बालगंधर्वांची दोन-तीन छायाचित्रे दाखवावीत आणि हे पुरुष होते, एवढेच सांगावे. साडीतला पुरुष म्हणजे हसण्याची वस्तू, हे समीकरण मुलांच्या डोक्यात पक्के होण्याआधीच सैल होईल.

शिवाय लक्ष्मीकांत बेर्डे आणि सचिन यांच्या कामाकडे नीट पाहा. सचिन यांची सुधा इतकी नेटकी आहे की ती वावरताना हसू येत नाही, ती पकडली जाईल का याचीच धास्ती वाटते. बेर्डे यांची पार्वती वेंधळी आहे, पण तिच्या वेंधळेपणात बाईपणाचा अपमान नाही, परशा मुळातच वेंधळा आहे. हे बारकावे बारा-तेरा वर्षांच्या मुलांना दाखवून द्यावेत. त्यांना ते कळतात आणि आवडतातही.

आणखी एक सांगतो. याच वसंत सबनीसांनी ‘विच्छा माझी पुरी करा’सारखे चावट लोकनाट्य लिहिले होते. दादा कोंडके यांच्या द्व्यर्थी संवादांवर चित्रपटगृहे भरत होती, त्याच दशकात त्यांनी हा चित्रपट इतक्या मर्यादेत लिहिला. लेखकाने प्रेक्षक ओळखून आपली लेखणी आवरली, याची मला फार मोठी किंमत वाटते.

उत्तर : दोन मुलांची आई, नाशिक

आपल्या मूळ प्रश्नाला थोडे वेगळ्या बाजूने उत्तर देते. ‘विनोदी’ आणि ‘कौटुंबिक’ हे शब्द ऐकून निर्धास्त होऊ नये, असे मला ‘झपाटलेला’वरून सांगावेसे वाटते. महेश कोठारे यांचा १९९३ सालचा हा चित्रपट, त्यातही लक्ष्मीकांत बेर्डे आहेत, आणि मोठ्यांना तो धमाल वाटतो. परंतु मरणाऱ्या गुंडाचा आत्मा बाहुल्यात शिरतो, तो बाहुला चालतो आणि जीव घेतो. रामदास पाध्ये यांनी घडवलेला तात्या विंचू इतका जिवंत आहे की माझ्या सहा वर्षांच्या मुलीने खोलीतल्या सगळ्या बाहुल्या कपाटात घालून दार घट्ट लावायला लावले, आणि पुढे बरेच दिवस ती दिवा लावूनच झोपली. तिच्या मोठ्या भावाला मात्र त्याच चित्रपटात पोट धरून हसताना मी पाहिले. म्हणून सहा वर्षे आणि चौदा वर्षे यांना एकाच मापाने मोजू नका. ‘बनवाबनवी’त भीतीदायक असे काही नाही, ही मिश्र वयोगटासाठी त्याची मोठी जमेची बाजू आहे. लहानांच्या बाबतीत मला फक्त लांबीची काळजी वाटते. सहा वर्षांचे मूल एवढा वेळ एका जागी बसत नाही, मध्यंतर मोठे ठेवावे.

उत्तर : इंग्लंडमधील मराठी पालक

आमच्या मंडळात मुलांसाठी चित्रपट निवडताना हाच प्रश्न येतो. येथील चित्रपटांना वयानुसार वर्ग देणारी बीबीएफसी ही संस्था ‘पीजी’ (पालकांच्या मार्गदर्शनाखाली पाहावा असा) वर्ग देते, तेव्हा साधारण आठ वर्षांच्या किंवा त्याहून मोठ्या मुलाने त्या चित्रपटाने अस्वस्थ होऊ नये, असा तिचा निकष असतो. चित्रपटगृहात ‘१२ए’ असेल, तर बारा वर्षांखालील मुलाबरोबर मोठे माणूस असावेच लागते. मला सर्वांत उपयोगी वाटते ती वर्गासोबत दिली जाणारी छोटीशी माहिती. हिंसा, भाषा, भीती यांबरोबर भेदभाव आणि मुलांनी अनुकरण करण्याजोगे धोकादायक वर्तन यांचाही तेथे विचार होतो. तशी चार ओळींची टीप आपण स्वतः तयार करून पालकांना आधी पाठवावी. नुसते ‘छान चित्रपट आहे’ असे कळवण्यापेक्षा काय आहे आणि काय नाही हे कळवले, की ज्याला मुलाला आणायचे नाही तो शांतपणे आणत नाही, आणि कार्यक्रमाच्या दिवशी कोणाची कुरबुर होत नाही.

एक अडचण येथे जास्त जाणवते, पण ठाण्यातील इंग्रजी माध्यमाच्या मुलांनाही ती येत असेल. या चित्रपटाची निम्मी मजा संवादांत आहे. ज्यांची मराठी कच्ची आहे त्यांना ती मजा हुकते आणि त्यांच्या वाट्याला फक्त साडी, पदर आणि बारीक आवाज एवढेच उरते. म्हणजे ज्या गोष्टीची आपल्याला काळजी वाटते, तीच नेमकी ठळक होते. आमच्याकडे अशा मुलांशेजारी एक-एक आजी-आजोबा बसतात आणि हळू आवाजात सांगत जातात. त्याने चित्रपटही समजतो आणि मुलांचे प्रश्नही तिथल्या तिथे सुटतात.

मूळ प्रश्नकर्ती

सर्वांचे मनापासून आभार. काल त्या मुलाच्या आईकडे जाऊन सविस्तर बोलले. मुलगाही होता. त्याने चित्रपट आजोळी पाहिलेला आहे आणि त्याला तो अतिशय आवडतो. त्याला भीती वाटते ती खाली खेळणाऱ्या दोन मुलांची. हे ऐकल्यावर आमचा निम्मा प्रश्न चित्रपटाचा नसून आमच्या मैदानाचा आहे, हे मला स्पष्ट दिसले. त्या दोन्ही मुलांच्या पालकांशी मी आणि संकुलाचे सचिव या आठवड्यात बोलणार आहोत. त्या बोलण्याचे काय होते ते पाहून, आणि त्या मुलाच्या आईने पुन्हा होकार दिला तरच, हा चित्रपट दाखवायचा असे ठरवले आहे. तोपर्यंत जाहीर सूचनेत चित्रपटाचे नाव घालणार नाही.

पालकांसाठीची टीप मी लिहायला घेतली आहे. तिच्यात सरपोतदारांचे सत्तर रुपये, घर मिळण्यातली अडचण, डोहाळजेवणाचे सोंग आणि मोठ्यांसाठीचे सूचक विनोद यांचा स्पष्ट उल्लेख करते आहे, तसेच चित्रपटात भीतीदायक दृश्ये नाहीत हेही लिहिते आहे. आजोबांनी सुचवल्याप्रमाणे आरंभी बालगंधर्वांची छायाचित्रे दाखवण्याची कल्पना सर्वांना पसंत पडली. सात वर्षांखालील मुलांसाठी मध्यंतरानंतर शेजारच्या खोलीत चित्रकलेची सोय ठेवू, म्हणजे कंटाळलेल्यांना उठून जाता येईल. हक्कधारकांना परवानगीसाठी पत्र आज पाठवले आहे. ज्यांनी अशी परवानगी यापूर्वी मिळवली आहे, त्यांनी उत्तर यायला साधारण किती दिवस लागतात आणि शुल्क कसे ठरते ते कृपया येथे लिहावे, म्हणजे तारीख नक्की करता येईल.